वॉकर

हेडली वॉकर, वय सत्त्याऐंशी.
एकेचाळीस वर्षं पोस्टमन,
यॉर्कशायरच्या एका ओल्या खोऱ्यात.
पायाला भिंगरी, खांद्याला पिशवी
आणि फाटकाफाटकाशी तोच विनोद :
‘नाव शोभतं हो तुम्हाला!’
तो हसायचा, दिवसातून सहा वेळा,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

शाळेत मास्तर नुसतं आडनाव पुकारत,
वॉकर!
की हा उठून दाराकडे चालू लागे
आणि छडी खाई.

आता गुडघे गेलेत.
आपण ज्याला वॉकर म्हणतो
ती अ‍ॅल्युमिनियमची चौकट
खुर्चीसमोर उभी असते, चार रबरी टाचांवर.
इथं तिला झिमर म्हणतात.
माझ्या तोंडून एकदा आपला शब्द निसटला,
‘वॉकर धरा, मिस्टर वॉकर.’
तो म्हणाला,
‘मलाच धरून मी चालू?
बरं. दुसरं कोण आहे.’

मंगळवारी पुतणी आली, बेव्हर्ली.
ग्रंथालयातून निवृत्त, फाइलीला दोरी.
‘काका, वॉकर म्हणजे चालणारा नव्हेच.
वॉकर म्हणजे तुडवणारा.
मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड
हौदात टाकायचं आणि अनवाणी पायांनी
दिवसभर तुडवायचं, घट्ट होईस्तोवर.’
‘पाण्यात?’
‘शिळ्या मुतात. घरोघरून जमवलेल्या.’

चहा आला होता.
थोडा वेळ कुणी कप उचलला नाही.

आपल्याकडे असता तर तुडवे झाला असता,
माझ्या मनात आलं. हेडली तुडवे,
शेजारी लोकरे, पलीकडे रंगारी,
आणि वासाची चौकशी कुणी केली नसती.

बेव्हर्ली वाचतच होती :
उत्तरेकडे वॉकर, नैर्ऋत्येला टकर,
आग्नेयेला फुलर.
मुलूख वेगळे, शब्द वेगळे,
हौद एकच.
समोर डेव्हनचा टकर बसलेला,
डॉमिनोत रोज हरणारा.
तो गुडघ्यावर थाप मारून म्हणाला,
‘म्हणजे भाऊबंद की रे आपण!’
हेडलीनं सोंगट्या पालथ्या घातल्या.

फुलर.

डॅफ्नी फुलर, केंटची.
लग्नाआधीचा महिनाभर
गॅसच्या बिलांमागं नवी सही गिरवत होती,
डब्ल्यूला लांब शेपूट काढून.
तिची आई रडली होती :
पोरीबरोबर आमचं नावही गेलं.
इकडच्या आत्यांनी नव्या सुनेचा पायगुण जोखला,
पाय मात्र कुणी नीट पाहिले नाहीत.
चोपन्न वर्षं झाली.
चर्चमागच्या दगडावर
वर डॅफ्नी वॉकर,
खाली बारीक अक्षरांत, माहेरची फुलर.
पाथरवटानं अक्षरामागं पैसे लावले होते.

‘एकाच शब्दाचे मी दोनदा पैसे मोजले,’
हेडली म्हणाला.
कुणाला हसावं कळेना.
मग खिडकीकडे बघून म्हणाला,
‘आणि ती मला विचारायची,
तुझ्या नावात मी मावते का.’

बेव्हर्लीनं फाइलीला दोरी बांधली.
गाठ बसेना, पुन्हा बांधली.

गुरुवारी नखं कापायची असतात.
मी टबात कोमट पाणी ओतलं,
थोडं मीठ,
त्याचे पाय आत ठेवले.
घोट्यांवर निळ्या शिरा,
आयुष्यभराची पायपीट तिथं येऊन थांबलेली.
व्यायामाचंही उरकून घ्यावं म्हणून म्हटलं,
‘जागच्या जागी. डावा. उजवा.
कुठं जायचं नाहीये.’
‘आमच्यात कुणी गेलंच नव्हतं,’ तो म्हणाला,
आणि चौकट धरून
बसल्या बसल्या तुडवू लागला.
डावा. उजवा. डावा.
पाणी फरशीवर आलं,
माझ्या बुटांत शिरलं.
थांबा म्हणायला हवं होतं, नियमानं.

त्यानं खाली वाकून पाहिलं
आणि दम खात विचारलं,
‘बघ गं,
घट्ट होतंय का काही?’